हवेलीतून गेलेला दोर

पागेत घोडे परत येणार होते, म्हणून माणसांनी निघायचं होतं. हवेलीच्या मॅनेजरनं हे एवढ्याच शब्दांत सांगितलं. सांगताना त्याचा बूट दोरासाठी पसरलेल्या वाखावर होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

थोरलीनं वाकून वाखाचं टोक धरलं. "साहेब, पाय उचला जरा."

तो दचकून मागं सरला. तिनं वाख झटकला, चिखलाचा ठसा नखानं खरवडला आणि पुन्हा पसरला.

"पाहुणे येणार आहेत इथं. शहरातून. राहायला," मॅनेजर म्हणाला. "हवेली म्हटलं की लोकांना घोडे लागतात. बसायचं, फोटो काढायचे. पागेचं पुन्हा पागाच करायचं, असं मालकांच्या मनात आहे."

चाकाशी बसलेल्या आबांनी हात थांबवला. "गोदामवाल्यांनी दिली होती आम्हाला ही जागा."

"लिहून?"

धान्याचं गोदाम हवेलीत होतं तेव्हा पोत्यांना दोर लागायचे. आबांचे दोर तुटत नाहीत हे बघून गोदामवाला म्हणाला होता, "कशाला उन्हात वळता? पागा पडलीय ना रिकामी." बस, एवढंच. गोदाम गेलं, आबा राहिले. दोर वळणाऱ्याला दुसरं काही नको, लांबी हवी. एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला वाख बांधून, बोटांनी सोडत सोडत, उलटं चालत जायचं. जितकं चालायला मिळेल तितका दोर. पागा हवेलीच्या मागं या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली होती, वर कौलं, खाली कोरडी जमीन.

घरात माणसं चार. आबा, त्यांचा मुलगा, जो बोलायचा इतकं कमी की गाव त्याला मुनी म्हणायचं, मुनीची बायको, जी माहेरी सगळ्या बहिणींत मोठी म्हणून थोरली, आणि माहेर याच गावातलं असल्यानं सासरीही थोरलीच राहिलेली, आणि आबांची लेक, जी सासरी दोन शब्द जास्त बोलली म्हणून माघारी आली होती आणि इथं येऊन चार जास्त बोलत होती.

मॅनेजर गेल्यावर ती लेक म्हणाली, "घोड्यांना लिहून दिलंय का कुणी?"

आबा हसले नाहीत. मुनीनं चाक फिरवायला घेतलं.

*

पुढच्याच आठवड्यात गवंडी आले. गावातलेच होते. थोरलीच्या नजरेला नजर न देता त्यांनी पागेत आडव्या भिंती घालायला सुरुवात केली. प्रत्येक घोड्याला एक खण. एक गवंडी तिच्याजवळून विटा नेताना पुटपुटला, "आमचंही पोट आहे, ताई."

"माहितीय. ओळंबा नीट धर, भिंत वाकडी जातेय," ती म्हणाली.

चाक तिनं आणि मुनीनं खांद्यावर घेतलं. वाखाचे भारे, आकडे, दोर पेलायच्या लाकडी घोड्या, सगळं हवेलीच्या कुंपणालगत माळ्याच्या जुन्या खोलीत नेऊन कोंबलं. खोली एवढीशी. चाक आत आलं तर माणूस बाहेर. पाऊस उघडला की अंगणात जनावरांचे कासरे वळायचे, शिंतोडा आला की सगळं उचलून आत. वाख दमट झाला की पीळ धरत नाही, बोटांना चिकटतो, सोलतो. थोरलीची तर्जनी फुटली. आबांची मनगटं पावसाळ्यात सुजायचीच, यंदा ती खाली ठेवायला जागा नव्हती. ते खाटेवर बसून वाख विंचरायचे आणि पुन्हा पुन्हा म्हणायचे, "कासरेच वळायचे होते तर हे चाक कशाला बांधलं मी?"

मुनी एकदा सकाळी पागेकडे जाऊन आला. काय बघितलं ते सांगितलं नाही. चहा मात्र तसाच ठेवून उठला.

*

मग नदी फुगली.

गाव आणि हवेली नदीच्या अलीकडे, मोठा रस्ता पलीकडे. मध्ये पूल नाही, नावाड्याची तराफ्यासारखी रुंद नाव. दोन काठांना ताणलेल्या लोखंडी तारेला धरून ती ये-जा करायची. पुरात एक अख्खं झाड वाहत आलं आणि तारेवर आदळलं. तार तुटली, वाहून गेली. पाणी दोन दिवसांनी उतरलं, पण ओढ एवढी होती की आधाराशिवाय नाव सोडणं म्हणजे जीवावर उदार होणं. नवी तार शहरातून यायची. तिकडचा रस्ता दरडीनं बंद. कधी येईल ते सांगायला कुणी तयार नव्हतं.

गावात दूध ओतून द्यायची वेळ आली. सकाळी गटारातून पांढरा ओघळ वाहायचा आणि कुत्रीसुद्धा कंटाळली होती. तापानं फणफणलेली माणसं पलीकडच्या दवाखान्याकडे तोंड करून काठावर बसायची.

नावाडी माळ्याच्या खोलीपाशी आला. दारातच उकिडवा बसला.

"आबा, दोर पाहिजे."

"कसला?"

नावाड्यानं आपलं मनगट पुढं केलं. "एवढा जाड. या काठापासून त्या काठापर्यंत, वर खांबाला दोन वेढे बसतील इतका. आणि एकसंध. जोड नको. जोडावर नाव अडकली की उलटलीच."

आबांनी डोळे मिटले. "वळीन. पेड करायला सुतळी आहे, मागच्या उन्हाळ्यात पागेत वळून ठेवलेली. जागा कुठाय? दोर जेवढा हवा त्याच्या दीडपट पेड ताणावे लागतात. बाहेर पाऊस."

कौलांवरून पाणी ठिबकत होतं. थोरली वाख आवरत होती, तो तसाच हातात धरून ती उभी राहिली.

"हवेलीतून," ती म्हणाली.

"काय हवेलीतून?"

"शाळा होती ना तिथं, मी लहान असताना. मी दाराजवळ बसायची. पुढच्या ओसरीवर कोण आलं ते दिसायचं आणि मान वळवली की मागं मुदपाकखान्यात कोण उभं आहे तेही. सगळी दारं एका रेषेत आहेत, आबा. ओसरी, दिवाणखाना, मधल्या खोल्या, मग छपराची वाट, मग मुदपाकखाना. सगळं छपराखाली."

नावाड्यानं आबांकडे बघितलं. आबांनी मुनीकडे. मुनी उठला आणि चाकाला तेल घालायला लागला.

*

हवेलीच्या पायरीवर मॅनेजरनं तिला थांबवलं. "आत नको. फरशी नुकतीच घासलीय." ती पायरीवर उभी राहिली. डोक्यावरचं पोतं गळत होतं. तो आत कोरड्यात, पायात नुसते मोजे.

तिनं काय पाहिजे ते सांगितलं.

"हवेलीत दोर वळणार? अहो बाई, भिंतींना शहरातून कागद आणून लावलाय!"

"भिंतींना हात लागणार नाही. दारातून दारात जाईल."

"तार येतेय ना?"

"कधी?"

मॅनेजरला तेच माहीत नव्हतं. त्याचे पलंग, आरसे, गाद्या आणि ते दोन घोडे, सगळं पलीकडच्या काठावर ट्रकांमध्ये अडकून पडलं होतं. मालकाचे दिवसातून कितीदा तरी फोन येत होते. आताही खिशात वाजला. त्यानं बघितला, उचलला नाही. मग तिच्या मागं फाटकातून आत येणाऱ्यांकडे त्याची नजर गेली. नावाडी होता, दूधवाले होते, दोघं गवंडी होते, आणि एक बाई तापलेलं पोर खांद्यावर घेऊन.

"खाली पोती अंथरायची," तो शेवटी म्हणाला. "कुठं ओरखडा दिसता कामा नये. आणि काम झालं की लगेच बाहेर."

परत येताना, फाटकाशी आबांबरोबर थांबलेली नणंद कुजबुजली, "वहिनी, आत्ताच बोल. म्हणावं पागा द्या, मग दोर घ्या. त्याची मान आत्ता दाराच्या फटीत आहे."

आबांनी ऐकलं. "नदी अडलीय. अडलेल्याला अट घालायची नाही."

"मग आपण अडलो तेव्हा?"

थोरली दोघांच्या मधून चालत होती. ती म्हणाली, "वन्सं, आधी दोर होऊ दे. नसलेल्या दोरावर काय भांडायचं?"

*

सकाळी उजाडायला हवेलीची सगळी दारं उघडली. चाक मुदपाकखान्यात चुलीच्या दगडी ओट्याला जखडलं. तिथं मुनी बसला. दुसऱ्या टोकाला, ओसरीवर, दगड भरलेली घसरगाडी ठेवली, तिला एक आकडा. चाकाचे तीन आकडे आणि गाडीचा एक, यांच्यामध्ये तीन पेड ताणले. ते जमिनीला टेकू नयेत म्हणून खोलीखोलीत लाकडी घोड्या लावायच्या होत्या.

"साहेब," नणंद मॅनेजरला म्हणाली, "तुमचे घोडे राहिले पलीकडे. आमच्या घोड्या आधी पोचल्या बघा."

गवंडी फिदीफिदी हसले. मॅनेजरही हसला असता, पण त्याचं लक्ष फरशीकडे होतं.

प्रत्येक घोडीपाशी एक माणूस उभा राहिला. आबा ओसरीवर भोवरा घेऊन. भोवरा म्हणजे लाकडाचा ओंडका, त्याला तीन खोबणी. तीन पेड तीन खोबणींत बसवायचे आणि चाक फिरेल तसा तो हातानं पुढं पुढं न्यायचा. पुढं पेड वेगळे, मागं दोर झालेला. सगळी अक्कल त्या हाताची. ढिला धरला तर दोर पोकळ, आवळला तर पेड तडकतात. आबांच्या हयातीत भोवरा दुसऱ्या कुणी धरलेला नव्हता.

"फिरव!" आबा ओरडले. मुदपाकखाना इतका लांब की हाक खोलीखोलीतून पुढं गेली. "फिरव म्हणतात!" "फिरव!" "मुनी, फिरव!" आणि थोड्या वेळानं पेड थरथरायला लागले.

पीळ भरून पेड आखडले तशी घसरगाडी पोत्यावरून कुरकुरत पुढं सरकली. आबांनी भोवरा ढकलला. दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत दोर गोल, घट्ट, चकचकीत आला. मग आबांचा चेहरा पांढरा पडला. भोवरा त्यांच्या हातात हिसके देत होता. सुजलेलं मनगट वळेना.

"थांबवू?" थोरलीनं विचारलं.

"नको. भोवरा सुटला तर पीळ उतरेल. धर."

"मी?"

"मग कोण? धर म्हणतो ना!"

तिनं धरला. आबांचे हात तिच्या हातांवर क्षणभर राहिले, मग निघाले. ओंडका जिवंत जनावरासारखा ओढत होता. तिनं पाय रोवले, कोपर बरगडीला टेकवलं, आणि त्याला जेवढं जायचं होतं तेवढंच जाऊ दिलं.

दिवाणखान्यात पूर्वी हवेलीचे धनी बसायचे. त्या काळी आबांच्या आजोबांना शेतसारा भरायला खिडकीबाहेर उभं राहावं लागायचं. आबा तिच्या शेजारून चालत हे सांगत होते, कुणाला उद्देशून नाही. "आत पाऊल टाकायची प्राज्ञा नव्हती." दोर खिडकीसमोरून पुढं गेला.

पुढची खोली. "साथ आली तेव्हा इथं दवाखाना केला होता. मी इथं, या कोपऱ्यात पडलो होतो. शेजारच्या खाटेवर माझी बहीण. मी उठलो." आबा त्या कोपऱ्यापाशी थबकले. तिथं आता संगमरवरी टेबल होतं. थोरलीला थांबता येत नव्हतं. तिच्या हातातला भोवरा पुढं निघाला होता.

तिसरी खोली तिच्या शाळेची. फळ्याच्या जागी फुलांचा कागद. तिनं बघितलं, पण नीट नाही, कारण त्याच वेळी एका पेडाला आटी पडली. पेड स्वतःभोवतीच गुंडाळून गाठीसारखा वर आला.

"थांबवा!" ती ओरडली. हाक पुढं गेली. "थांब म्हणते!" "थांब!" "मुनी, थांब!" चाक थांबलं. सगळी हवेली श्वास रोखून उभी. तिनं फुटक्या बोटानं आटी दाबली, उलटी फिरवली, सोडवली. रक्ताचा ठिपका पेडावर उमटला. "फिरवा."

चौथी खोली गोदामाची होती. भिंतीला कितीही रंग लावला तरी दमट हवेत धान्याचा वास यायचा, तो आताही येत होता. तिथली घोडी धरायला माणूस कमी पडला होता. पेड खाली झुकून उंबऱ्यावर घासायला लागला. मोज्यांतला मॅनेजर दारात उभा होता. त्याला ते आधी दिसलं.

"अहो, घासतोय! तुटेल!" तो ओरडला, आणि कुणी सांगायच्या आत धावला, गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी पेड उचलून धरला. वाखाची कुसळं त्याच्या तळहातात घुसली. "आई गं!"

"सोडू नका!" थोरली म्हणाली.

"नाही सोडत! तुम्ही या लवकर!"

त्यानं सोडला नाही. भोवरा त्याच्यापाशी पोचला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. ती शेजारून गेली आणि त्याच्या हातांमधला पेड दोर होऊन मागं राहिला. त्यानं त्यावर हात फिरवला, जसा लोक जनावराच्या पाठीवरून फिरवतात.

छपराच्या वाटेवरून ती मुदपाकखान्यात आली. चाकाशी मुनी घामानं निथळत होता, दात आवळलेले. बायकोच्या हातात भोवरा बघून तो चाक फिरवायचा क्षणभर विसरला.

"फिरवा की," ती म्हणाली.

भोवरा आकड्यांना टेकला. दोर संपला. म्हणजे झाला.

*

दोर खांद्यावर घेऊन सगळे नदीकडे निघाले तेव्हा रांगेचं एक टोक हवेलीच्या मोठ्या फाटकाबाहेर होतं आणि दुसरं अजून दिवाणखान्यात. पाऊस थांबला होता. नणंदेनं मध्येच हाळी दिली, "दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकून चालणाऱ्यांनो, मला मागून सगळं दिसतंय!"

नावाडी छोट्या होडीतून बारीक दोरी घेऊन आधी पलीकडे गेला. दोनदा प्रवाहानं त्याला खाली ओढलं, तिसऱ्यांदा तो काठाला लागला. बारीक दोरीच्या टोकाला जाड दोर बांधून पलीकडच्या माणसांनी तो ओढून घेतला. खांबाला वेढे पडले. अलीकडे दूधवाले, गवंडी, मुनी, सगळ्यांनी मिळून ताण दिला. दोर पाण्यातून वर आला, गळत, झुलत, आणि मग सरळ झाला.

"ओला झाला की आणखी आवळेल," आबा म्हणाले.

पहिल्या खेपेला दुधाच्या किटल्या, तापलेलं पोर आणि त्याची आई. आबा काही न विचारता नावेत चढले. थोरलीही. मध्यावर प्रवाहानं नाव धरली आणि झटका दिला. दोर धनुष्यासारखा वाकला, त्यातून पाण्याचा फवारा उडाला, पोराची आई किंचाळली. नाव अडली. आणि मग दोराला धरून, हातावर हात टाकत, नावाडी पुढं सरकला. पलीकडच्या काठाला नाव टेकली तेव्हा दोन्ही काठांवरून एकच आरोळी उठली. आबांनी नदीतलं ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि तोंड पुसलंच नाही.

*

दोन दिवस नाव गावाची ने-आण करत राहिली. दोर आबांचाच राहील, नावेला फक्त वापरायला, असं नावाड्याशी ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी मॅनेजर काठावर आला. तळहाताला पट्टी.

"आता आमचे पलंग आणा," तो नावाड्याला म्हणाला.

नावाड्यानं काठावर कासरे वळत बसलेल्या थोरलीकडे बोट केलं. "नाव माझी. दोर यांचा. यांना विचारा."

थोरली उठली. हात पदराला पुसले. "साहेब, माणसांना अट नव्हती. दुधाला नव्हती. तुम्ही पलीकडे जायचं म्हणालात तर आत्ता चला. पलंगांना मात्र अट आहे."

"कसली?"

"पागेतल्या भिंती."

"ते माझ्या हातात नाही, बाई!"

"फोन आहे ना हातात?"

कुणीतरी हसू दाबलं. मॅनेजर थोडा लांब गेला. फोनवर बराच वेळ बोलला. आधी खालच्या आवाजात, मग वरच्या. "नाही साहेब... नाही, मी तिथं होतो... अहो, मी धरला होता दोर!... नाही होणार तारेची व्यवस्था एवढ्यात... पाहुणे? पाहुण्यांना दाखवू की दोर कसा वळतात ते! घोडे कुठंही राहतील, साहेब, दोन तर आहेत!" तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"टोकाचा एक खण घोड्यांना. बाकी पागा तुमची."

"लिहून?" नणंद मागून म्हणाली.

मॅनेजरनं तिच्याकडे बघितलं आणि यावेळी खरंच हसला. "लिहून."

बाकीच्या भिंती गवंड्यांनीच पाडल्या. ज्या हातांनी बांधल्या त्या हातांनी, आणि बांधताना लागला त्याच्या निम्म्या वेळात. मुनी त्यांच्यात घण घेऊन उतरला. शेवटची वीट पडली तेव्हा तो धुरळ्यात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "झालं!" त्याचा आवाज इतका मोठा आहे हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक पागेत आलं, घोड्यांच्या खणाला पाठ करून बसलं. थोरलीनं कमरेला वाख बांधला, टोक आकड्याला अडकवलं. आबांनी सुजल्या हातांनीच चाक फिरवायला घेतलं, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. ती उलटी निघाली. बोटांतून वाख सुटत होता, समोर सुतळी लांबत होती, आबा लहान लहान होत होते.

"आबा, आणखी जाऊ?" तिनं लांबून ओरडून विचारलं.

"जा!" आबा ओरडले. "जा बिनघोर! मागं भिंत नाही!"